वजन जास्त असेल तर बूस्टर नीट लागू पडत नाही का?

निळीशाई

मंडळी, इथे वैद्यकीय धाग्यांवर बरी चर्चा होते म्हणून विचारतेय. मी लॅबमधे काम करते, रोजचा रक्ताच्या नमुन्यांशी संबंध, त्यामुळे नोकरीला लागतानाच हिपॅटायटिस बी चे तिन्ही डोस झालेत. त्याला आता बरीच वर्षं झाली आणि मधे कधी टायटर (रक्तात लसीच्या अँटिबॉडी किती आहेत ते माप) बघितलंच नव्हतं. आता सगळ्यांचं करून घेतलं तर माझं आलं ७ आणि शेजारी बसणारीचं हजाराच्या वर, लस आम्ही एकत्रच घेतलेली. रिपोर्ट बघून आमचे सर लगेच म्हणाले, वजन बघा जरा, जाड माणसांना लस लागत नाही. माझा बीएमआय ३६ आहे, नाकारत नाही, पण हे असं सरसकट खरं आहे का?? आता बूस्टर घ्यायला सांगितलंय, मग तोही वायाच जाणार का, की माझ्यासारखीला डोसच जास्त द्यायला हवा, औषधं नाही का वजनावर देतात? शिवाय दरवर्षी फ्लूची घेते, कोविडचा बूस्टर घेतलाय, त्यांचंही असंच झालं असेल का? नवरा म्हणतो आधी वजन कमी कर मग घे. गुगल केलं तर एकीकडे लिहिलंय काही फरक पडत नाही, दुसरीकडे लिहिलंय दुप्पट धोका. डोकं भंजाळलंय. जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

दोनठिपके

वाचनखूण साठवली. मी पण त्याच वजनगटातला, आणि मलाही कोणीतरी हेच ऐकवलं होतं.

उंबरठा

निळीशाई, सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं त्यांनी अंदाजपंचे ठोकलंय.

आधी तुमच्या ७ बद्दल, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. १० मिली इंटरनॅशनल युनिटची जी रेषा आहे ना, जिच्या वर गेलं की संरक्षण मिळालं असं धरतात, ती शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी मोजलेल्या आकड्यासाठी आहे. तेव्हा १० च्या वर गेलेला माणूस काही वर्षांनी १० च्या खाली घसरला तरी त्याच्या मेमरी पेशी (लसीची ओळख लक्षात ठेवणाऱ्या) शिल्लक असतात, खरा व्हायरस आला की त्या कामाला लागतात, आणि या आजाराचा इन्क्युबेशन पिरियड (लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंतचा काळ) चांगला काही महिन्यांचा असल्याने त्यांना तेवढी सवडही मिळते. म्हणूनच धडधाकट माणसाला या लसीचा दर अमुक वर्षांनी बूस्टर द्यायची पद्धत नाही. तुमचं तेव्हा मोजलंच नाही, त्यामुळे मुळात वर गेलं होतं आणि आता उतरलं, की कधी वर गेलंच नव्हतं, हे या ७ वरून सरांना काय कोणालाच सांगता येणार नाही. आणि समजा गेलंच नसेल तरी दोष वजनाचाच असं कुठंय? वय जास्त असणं, पुरुष असणं, सिगारेट, या सगळ्यांनी या लसीचा प्रतिसाद कमी होतो.

म्हणून आता जो एक डोस देतील तो बूस्टरही आहे आणि तपासणीही आहे. एक-दोन महिन्यांनी परत टायटर करा. मेमरी असेल तर एका डोसवर आकडा झपकन वर जातो. नाहीच गेला तर उरलेले दोन डोस घेऊन दुसरी सिरीज पूर्ण करायची आणि पुन्हा मोजायचं. एकूण सहा डोसनंतरही १० च्या खाली राहिलं तरच नॉन-रिस्पॉन्डर म्हणतात, मग शरीरात व्हायरस आधीच नाही ना ते बघतात, आणि पुढे कधी बाधित रक्ताची सुई टोचली तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) घ्यावं लागतं, तेही लवकरात लवकर, शक्यतो २४ तासांच्या आत. लॅबमधे असल्याने हे शेवटचं लक्षात ठेवा.

आता वजन. संबंध आहे, आणि तो काही कोविडमधे सापडलेला नाही. १९८५ सालीच अमेरिकेत हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांत दिसलं होतं की लठ्ठ लोकांत हिपॅटायटिस बी च्या लसीने अँटिबॉडी कमी तयार होतात. त्या काळात बऱ्याच ठिकाणी ही लस कुल्ल्यावर टोचायचे, तिथे चरबीचा थर जाड, त्यामुळे सुई स्नायूपर्यंत पोचतच नव्हती हाही एक भाग होता. त्यानंतरच दंडातच द्या म्हणून सांगायला लागले. पण सगळं खापर सुईवर फोडता येत नाही, कारण पुढे इतर लसींतही फरक दिसत गेला.

का होतं? चरबी म्हणजे नुसता साठा नाही, ती पेशी स्वतः रसायनं सोडत असते. लेप्टिन, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा वगैरे. चरबी वाढली की त्यात मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी घुसतात आणि शरीरात मंद आचेवरची सूज कायमची चालू राहते, ताप नाही दुखणं नाही पण चालू. दिवसभर कोणी ना कोणी दार वाजवत असेल तर खरं काम घेऊन आलेल्यालाही आपण सावकाशच उठून दार उघडतो, बी पेशींचं, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचं तसं होतं. त्या आधीच अर्धवट चेतवलेल्या असतात, लस आल्यावर जितक्या जोरात उठायला हव्यात तितक्या उठत नाहीत. लठ्ठ लोकांच्या बी पेशींत एआयडी नावाचं एन्झाइम कमी तयार होतं असं दाखवलं गेलंय. अँटिबॉडीचा क्लास म्हणजे प्रकार बदलायला आणि तिची पकड घट्ट करत न्यायला हेच एन्झाइम लागतं, म्हणजे संख्येबरोबर दर्जाचाही प्रश्न आला.

तुमचं गुगल गोंधळलंय त्याचं कारण पण यातच आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गटाने फ्लूच्या लसीवर काम केलंय. २०१२ च्या त्यांच्या पेपरमधे महिन्याभराने मोजलं तर लठ्ठ लोकांच्या अँटिबॉडी छान वाढलेल्या, कमी अजिबात नव्हत्या. वर्षाने मोजलं तर त्यांच्याच जास्त घसरलेल्या. आणि प्रयोगशाळेत व्हायरस दाखवल्यावर त्यांच्या सीडी८ टी पेशी (व्हायरस शिरलेल्या पेशी मारणाऱ्या) कमी चेतत होत्या. मग २०१७ मधे त्याच गटाने लस घेतलेल्या हजारभर लोकांचा फ्लूचा सीझन बघितला, तर लठ्ठ गटात ९.८ टक्के लोकांना फ्लू किंवा फ्लूसारखा आजार झाला, नॉर्मल वजनाच्या गटात ५.१ टक्के. गंमत अशी की अँटिबॉडीचा आकडा दोन्ही गटांत सारखाच होता! म्हणजे तुम्ही "अँटिबॉडी" सर्च केलं तर फरक नाही असं दिसणार, "आजार" सर्च केलं तर दुप्पट. दोन्ही खरं.

डोस वजनावर का देत नाहीत, तर लस औषधासारखी रक्तातून सगळीकडे पसरून काम करत नाही. टोचलेल्या जागीच पेशी तिला उचलतात, काखेतल्या लिम्फ नोडमधे (संरक्षक पेशी जिथे जमतात त्या गाठीत) नेतात आणि सगळं शिक्षण तिथे होतं. डायलिसिसवाल्यांना हिपॅटायटिस बी चा मोठा डोस देतात, ६५ च्या पुढच्यांसाठी चौपट अँटिजेनची (लसीतला ओळख पटवणारा मूळ घटक) फ्लूची लस आहे (एका स्ट्रेनला १५ ऐवजी ६० मायक्रोग्रॅम), पण नुसत्या बीएमआयवर डोस वाढवायचा असा नियम नाही. हिपॅटायटिस बी मधे मात्र वेगळ्या अ‍ॅडज्युव्हंटची (लसीचा परिणाम वाढवायला घालतात ते द्रव्य) हेप्लिसाव-बी नावाची लस आहे, २०१७ ला अमेरिकेत मंजूर झाली, महिन्याच्या अंतराने दोनच डोस, आणि लठ्ठ आणि डायबेटिसवाल्या लोकांत ती जुन्या लसीपेक्षा चांगली चालते. सगळ्या देशांत मिळत नाही. पण पहिल्या डोसने टायटर हललं नाही तर डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

प्रतिसाद लांबला, कोविडबद्दल दुसरं कोणीतरी लिहा.

पाचवाकोन

म्हणजे थोडक्यात काय तर टोचून घ्या, सहा महिन्यांत उतरणार, परत टोचून घ्या. आणि दुप्पट आजार होणारच असेल तर घ्यायची कशाला? कंपन्यांची चांदी.

उंबरठा

दुप्पट हे लस घेतलेल्या नॉर्मल वजनाच्या लोकांच्या तुलनेत आहे हो. लस न घेतलेल्या लठ्ठ माणसाशी तुलनाच नाहीये त्यात. आणि फ्लू झाला तर लठ्ठ माणसाला हॉस्पिटलात जायची पाळी जास्त येते, हे २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीतच दिसलं होतं. ज्याला आजार जास्त जड जाणार त्याने लस सोडायची हे कुठलं गणित?

तिरकीरेघ

कोविडचं मी लिहिते, माझा वाचनाचा विषय आहे (डॉक्टर नाही, डेटावाली आहे).

पाचवाकोन, तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी अभ्यास इंग्लंडमधला. ९० लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी, २०२२ मधे लॅन्सेटच्या डायबेटिसवाल्या जर्नलमधे आला. सगळ्या वजनगटांत लस घेतलेल्यांना हॉस्पिटल आणि मृत्यू न घेतलेल्यांपेक्षा स्पष्ट कमी होते, लठ्ठ गटातसुद्धा. आणि लसीचा सगळ्यात कमी फायदा कोणाला दिसला माहितीये, अगदी कमी वजनाच्या लोकांना! ते कोणी सांगत नाही. अर्थात लस घेतलेल्यांतच तुलना केली तर जास्त बीएमआयवाल्यांचा धोका तरीही जास्त राहिला, म्हणजे लसीने धोका खाली आणला पण दोन गटांतली दरी बुजवली नाही.

निळीशाईंचा बूस्टरचा जो प्रश्न आहे त्यावर थेट उत्तर २०२३ च्या नेचर मेडिसिनमधल्या पेपरमधे आहे, केंब्रिज आणि एडिनबराचे लोक. दोन भाग आहेत त्याचे. एक म्हणजे स्कॉटलंडच्या ३५ लाख लोकांच्या नोंदी, त्यात लस घेऊनही बीएमआय ४० च्या वर असलेल्यांना गंभीर कोविडचा धोका ७६ टक्के जास्त. दुसरा भाग छोटा पण मला जास्त आवडलेला, तीव्र लठ्ठपणा असलेले २८ आणि नॉर्मल वजनाचे ४१ लोक घेऊन त्यांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. दुसऱ्या डोसनंतर सहा महिन्यांनी लठ्ठ गटातल्या ५५ टक्के लोकांत व्हायरसला निष्प्रभ करणारी ताकद मोजण्याइतकीही उरली नव्हती, दुसऱ्या गटात हेच प्रमाण १२ टक्के. मग तिसरा डोस दिला. आणि दोन्ही गट परत वर! लठ्ठ गटसुद्धा. बूस्टर लागला, नीट लागला. फक्त त्यानंतर त्यांची ताकद परत दुसऱ्या गटापेक्षा लवकर ओसरायला लागली.

म्हणजे तुमच्या सरांचं वाक्य "जाड माणसांना लस लागत नाही" असं नसून "लागते, पण लवकर उतरते" असं हवं होतं. हे दोन खूप वेगळे निष्कर्ष आहेत. पहिल्यावरून माणूस बूस्टर टाळतो, दुसऱ्यावरून वेळेवर घेतो.

२८ माणसं म्हणजे फार नाहीत हे मान्य, आणि ते बीएमआय ४० च्या आसपासचे नि वरचे आहेत, ३६ ला तेच आकडे जसेच्या तसे चिकटवू नका. २०२० च्या फायझरच्या मोठ्या चाचणीत लठ्ठ आणि बाकीच्या गटांत परिणामकारकता जवळपास सारखीच होती, पण ती सुरुवातीच्या थोड्या महिन्यांतली मोजणी, लवकर उतरतं हे तिथे दिसणारच नव्हतं. क्वीन्सलंड विद्यापीठाचा २०२४ चा एक अभ्यास तर अजून मजेशीर आहे, त्यात जास्त बीएमआयवाल्यांत कोविड होऊन गेल्यावर तयार झालेल्या अँटिबॉडी कमी निघाल्या, पण लसीनंतरच्या नाही. म्हणजे आजार होऊन गेलाय आता बूस्टर कशाला असं जे म्हणतात ना, लठ्ठ माणसाने तर ते अजिबात धरून चालू नये.

भटकभवानी

मी लस टोचणाऱ्यांपैकी आहे, बरीच वर्षं हेच करतेय, त्यामुळे पेशीबिशी तुम्ही बघा, मी सुईचं सांगते कारण आपल्या हातात तेवढंच आहे आणि त्याचाच कोणी विचार करत नाही.

हिपॅटायटिस बी, कोविड, फ्लूची नेहमीची टोचायची लस, या सगळ्या स्नायूत जायला हव्यात. चरबीत गेली तर तिथे रक्तपुरवठा कमी, लस नुसती बसून राहते, लिम्फ नोडकडे उशिरा जाते, वर अ‍ॅल्युमिनियमवाली लस असेल तर गाठ येते आणि दुखतं जास्त. अमेरिकेच्या सीडीसीचं (तिथली सरकारी आरोग्यसंस्था) कोष्टक आहे, ६० ते ७० किलोच्या प्रौढाला एक इंची सुई म्हणजे २५ मिमी, त्यापुढे एक ते दीड इंच माणूस बघून, आणि बाई ९० किलोच्या वर किंवा पुरुष ११८ च्या वर असेल तर दीड इंची, ३८ मिमी. बायकांचा आकडा कमी आहे कारण आपल्या दंडावर चरबीचा थर जास्त असतो. प्रत्यक्षात काय होतं, ट्रे मधे एकाच मापाच्या सुया असतात आणि रांग लागलेली असते, की जो येईल त्याला तीच. दीड इंची बहुतेक वेळा कपाटात असते पण उठून आणायला कोण जातंय.

लठ्ठ किशोरवयीन मुलांवर हिपॅटायटिस बी च्या लसीचाच अभ्यास झालेला आहे, २०१० चा, काहींना एक इंची काहींना दीड इंची, बाकी सगळं तेच. दीड इंचीवाल्यांचं टायटर जास्त आलं. एवढ्याशा गोष्टीने!

तर निळीशाई ताई, बाही अर्धवट खेचून नका बसू, खांदा पूर्ण उघडा होईल असे कपडे घालून जा. बाही वर गोळा करून घट्ट बसली की आम्ही मग खाली खाली टोचतो, तिथे स्नायू संपत आलेला असतो. खांद्याचं वरचं हाड हाताला लागतं बघा, त्याच्या दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या मधोमध, सुई सरळ ९० अंशात. आणि चरबीची चिमूट वर उचलून टोचत असतील तर थांबवा, ती चिमूट इन्सुलिनसाठी असते, स्नायूत द्यायची लस तशी दिली तर सुई चरबीतच अडकायची भीती. हात सैल सोडा. आणि सुई मोठी बघून घाबरू नका, दुखणं लांबीवर नसतं फारसं.

दोनठिपके

बापरे, सुईला लांबीचं माप असतं हेच माहीत नव्हतं. पण आपण सांगितलं की दीड इंची द्या तर ऐकतात का?

भटकभवानी

वजन सांगा आणि विचारा की सुई कुठली घेताय. आदेश दिलात तर फुगतील, विचारलंत तर उठतील. मी तरी उठते.

जुनीखोड

सगळं वाचतोय, माहितीपूर्ण आहे, पण एक चीड येते ती लिहू दे. लठ्ठ माणूस डॉक्टरकडे कान दुखतोय म्हणून गेला तरी वजन कमी करा ऐकून येतो. इथेही सरांनी काय केलं? रिपोर्ट बघितला, माणसाकडे बघितलं, निदान तयार. तेव्हा टायटर केलं होतं का, एवढंही विचारलं नाही. तेच ७ एखाद्या काटकुळ्या माणसाचं आलं असतं तर म्हणाले असते, होतं असं, एक डोस घेऊन टाका.

आणि बीएमआय हा तसाही ढोबळ आकडा आहे, त्यात स्नायू किती चरबी किती, चरबी पोटात की मांड्यांवर, काही कळत नाही. रोमच्या २०२१ च्या एका अभ्यासात कोविडच्या लसीनंतर कमी अँटिबॉडीचा संबंध पोटाच्या घेराशी निघाला होता, सोबत सिगारेट आणि ब्लडप्रेशर पण. तर सर, टेप आणा.

उंबरठा

जुनीखोड, मुद्दा रास्त. पोटातली चरबी सूज वाढवण्यात जास्त पुढे असते, त्यामुळे घेराचं पटण्यासारखं आहे.

पाचवाकोन

ठीक आहे, बूस्टरचं पटलं. पण मग तिच्या नवऱ्याचं काय चुकलं? वजन कमी केलं की सूज कमी, सूज कमी की लस जास्त दिवस टिकेल. लॉजिकल आहे की.

तिरकीरेघ

लॉजिकल आहेच, पण आत्तापर्यंतचं जे ठोस काम मला दिसलं ते उंदरांवरचं आहे आणि तेही एकमेकांना छेद देणारं. २०१९ च्या कामात लठ्ठ उंदरांचं वजन उतरवलं तरी त्यांच्या मेमरी टी पेशी फ्लूपुढे ढिल्याच राहिल्या, बिघाड लगेच दुरुस्त झाला नाही. मग अमेरिकेतल्या सेंट ज्यूड हॉस्पिटलच्या गटाचं २०२४ चं काम, त्यात लठ्ठ उंदरांना लसीच्या चार आठवडे आधी साध्या आहारावर आणलं तर ते नंतर फ्लूमधून वाचले, आणि लस झाल्यावर वजन उतरवलेले वाचले नाहीत. म्हणजे लस टोचतानाची शरीराची अवस्था महत्त्वाची असं त्यांचं म्हणणं. चार आठवडे उंदराच्या आयुष्यात बराच मोठा काळ झाला हां, माणसाने त्याचे चार आठवडे समजू नयेत.

आणि निळीशाई रोज रक्त हाताळतात. बीएमआय ३६ वरून खाली यायला वर्ष लागेल दोन लागतील, तोपर्यंत बिनलसीचं बसायचं? आधी डोस घ्यावा, वजनाचं काय करायचं ते त्यांचं त्या बघतील. पुढचे फ्लूचे डोस तर दरवर्षी येणारच आहेत, उतरलं वजन तर त्यांना फायदा होईलही.

निळीशाई

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. नवऱ्याला धागा वाचायला दिलाय, सध्या गप्प आहे. सरांना मी टायटर कधी करायचं असतं एवढंच विचारलं, तर म्हणाले "हो ते एक बघावं लागेल".

बूस्टर पुढच्या आठवड्यात घेतेय. भटकभवानी, मी ९० च्या वरच आहे त्यामुळे सुईचं नक्की विचारते. एकच राहिलं, फ्लूची पण आत्ताच ड्यू आहे. दोन्ही एका दिवशी घेतल्या तर चालतात का, की एकमेकींच्या आड येतील आणि परत टायटरचा घोळ होईल?

भटकभवानी

चालतात, रोज देतो आम्ही. शक्यतो एक या दंडात एक त्या दंडात. एकाच हाताला घ्यायच्या झाल्या तर मधे इंचभर अंतर ठेवायला सांगा आणि कुठली कुठे दिली ते कार्डवर लिहून घ्या, म्हणजे सूज आली तर कशाने आली ते कळतं.

उंबरठा

टायटरला फ्लूच्या लसीने काही होत नाही. फक्त ते एक महिना व्हायच्या आत करू नका आणि दोन महिन्यांच्या पुढे ढकलू नका, आकडा आला की इथे टाका.